बाळाचा बाप्तिस्मा व घरचा आनंद

(घरच्या उपासनेसाठीं व मंडळीच्या वर्गासाठीं धडा)

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति १७:९-१४, मार्क १०:१३-१६, लूक २:२१-२४, लूक १४:१२-१४, प्रेषितांचीं कृत्यें १६:२५-३४.

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे खेड्यांतील ख्रिस्ती घराचा रंगच पालटतो. आजी माळ्यावरचा पाळणा खालीं काढते, मामा कापड आणावयास तालुक्याच्या गांवीं जातो, आणि शेजारच्या बाया बाळ कोणाच्या तोंडावळ्यावर गेलें याचा वाद मोठ्या हौसेनें घालूं लागतात. पुढें दोनचार महिन्यांनीं आईबाप पाळकाकडे येऊन विचारतात, “पाळकसाहेब, बाळाचा बाप्तिस्मा कधीं करावयाचा?” हा प्रश्न कानीं पडला कीं आम्हांस फार आनंद होतो. परंतु पुष्कळ वेळां त्याच्या पाठोपाठ दुसरें वाक्य येतें: “मात्र पैशाची जुळणी होईपर्यंत थोडें थांबूं.” या दुसऱ्या वाक्याविषयीं आज शास्त्राच्या उजेडांत विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

आनंद करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या घरांत नवें लेंकरूं आलें त्या घरानें गाऊं नये, शेजाऱ्यांचें तोंड गोड करूं नये, तर मग कोणीं करावें? अलीशिबेच्या पोटीं योहान जन्मला तेव्हां शेजारी व नातलग तिच्या आनंदाचे वांटेकरी झाले, असें लूक सांगतो. तेव्हां घरांत आनंद असावा, आणि तो शेजाऱ्यांपर्यंत पोहोंचावा. विचार करावयाचा तो इतकाच, कीं हा आनंद कशाचा आहे, आणि त्याची किंमत कोण भरतो.

१. त्या दिवशीं कोण काय करतो?

बाप्तिस्म्याच्या विधींत तीन पक्ष असतात, आणि प्रत्येकाचें काम निराळें आहे.

पहिला पक्ष देव. बाळाला अजून आपलें नांवही ठाऊक नसतें. तें रडत असतें, किंवा झोंपलेलें असतें, किंवा पाळकाच्या झग्याची कड ओढीत असतें. देवाला देण्याजोगें त्याच्यापाशीं कांहीं नाहीं. ज्ञान नाहीं, पुण्य नाहीं, पश्चात्तापाचे शब्दही नाहींत. अशा रिकाम्या हातांच्या जिवाला देव आपलें म्हणतो. अब्राहामाशीं करार करितांना देवानें आठ दिवसांच्या मुलासही त्या कराराची खूण नेमून दिली. इसहाकाला करार म्हणजे काय हें कळण्यापूर्वींच तो कराराचा पुत्र झाला होता. पेंतेकोस्ताच्या दिवशीं पेत्रानें ऐकणाऱ्यांस सांगितलें कीं देवाचें अभिवचन जसें त्यांच्यासाठीं आहे तसेंच तें त्यांच्या मुलाबाळांसाठींही आहे. लुदिया, फिलिप्पै येथील बंदिशाळेचा नायक आणि करिंथ येथील स्तेफन यांच्या घरच्या माणसांचा एकत्र बाप्तिस्मा झाल्याचें आपण वाचतों. त्या घरांत तान्हीं मुलें होतीं असें शास्त्र स्पष्ट सांगत नाहीं. परंतु सबंध घरच देवाच्या हवालीं केलें जात असे, इतकें त्यावरून नक्की दिसतें.

दुसरा पक्ष आईबाप. बाळ बोलूं शकत नाहीं, म्हणून तीं बोलतात. आम्ही स्वतः प्रभूवर विश्वास ठेवितों, या लेंकराला त्याच्या वचनांत वाढवूं, त्याच्यासाठीं व त्याच्याबरोबर प्रार्थना करूं, आणि आमच्या वागणुकीनें त्याला वाट दाखवूं, असें तीं सर्वांदेखत कबूल करितात. तिसरा पक्ष मंडळी. तीही उभी राहून हें लेंकरूं आमचेंही आहे असें मान्य करिते. म्हणजे त्या दिवशीं देव देतो, आणि आईबाप व मंडळी शब्द देतात. मेजवानीला या विधींत जागा नाहीं. ती विधि आटोपल्यावर येते, आणि आली नाहीं तरी विधि उणा पडत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्या कराराची खूण फक्त मुलग्यांस मिळत असे. नव्या कराराची खूण मुलगा व मुलगी या दोघांस एकाच पाण्यानें व एकाच नांवानें मिळते. आपल्याकडे मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर जिलेबी, अशी चाल आहे. तिच्यांत कोणाचें मन दुखत नसेल तर ती असो. परंतु थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला सारा गांव जेवूं घालावयाचा आणि धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा एखाद्या रविवारीं गुपचूप उरकून घ्यावयाचा, हें जें कित्येक घरांत दिसतें तें बाप्तिस्म्याच्या अर्थावरच पाणी ओतणें आहे.

२. सर्व मंडळ्यांची रीति एक नाहीं

शिशूंच्या बाप्तिस्म्याविषयीं ख्रिस्ती लोकांत प्राचीन काळापासून दोन मतें आहेत. उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरांत इ. स. २०० च्या सुमारास तर्तुल्यन नांवाच्या शिक्षकानें लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करूं नये असें लिहिलें. त्याच नगरांत सुमारें ५० वर्षांनीं, इ. स. २५३ च्या आसपास, सिप्रियन बिशपाबरोबर ६६ बिशप एका प्रश्नाचा विचार करावयास बसले. फिदुस नांवाच्या बिशपाचें म्हणणें असें होतें कीं सुंतेप्रमाणें आठव्या दिवसापर्यंत थांबावें. सभेनें उत्तर दिलें कीं तेवढेंही थांबण्याचें कारण नाहीं. देवाची कृपा नुकत्याच जन्मलेल्या बाळापासूनही अडवून धरूं नये. पुढें १५२५ सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिक येथें कांहीं विश्वासणाऱ्यांनीं स्वतःच्या कबुलीवर पुन्हां बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हांपासून प्रौढपणींच बाप्तिस्मा द्यावा असें मानणाऱ्या मंडळ्या वाढत गेल्या.

आपल्या देशांत २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. त्या सहांत शिशूंचा बाप्तिस्मा करणारे होते तसे न करणारे बाप्टिस्ट व ब्रदरन बंधुही होते. एकमेकांस सोडण्यापेक्षां दोन्ही रीति एकाच छपराखालीं ठेवाव्या असें त्यांनीं ठरविलें. ज्या घरास मूल मोठें होऊन स्वतः कबुली देईपर्यंत थांबावयाचें असेल त्यांनीं बाळाला मंडळींत आणून त्याचें समर्पण करावें. अशा विचारपूर्वक थांबण्याला आम्ही दोष देत नाहीं. त्यांनींही आईबापांच्या वचनाविषयीं जें पुढें येतें तें आपलें म्हणून वाचावें. आमचें बोलणें आहे तें पैशासाठीं व मानपानासाठीं थांबणाऱ्या घरांविषयीं.

३. फिलिप्पै येथील मध्यरात्रीचें जेवण

बाप्तिस्म्यानंतर झालेल्या एका जेवणाची हकीकत नव्या करारांत आली आहे. ती आपण नीट पाहूं. फिलिप्पै नगरांत पौल व सीला यांस फटके मारून आंतल्या कोठडींत घातलें होतें, आणि त्यांचे पाय खोड्यांत अडकविले होते. मध्यरात्रीं भूमिकंप झाला, दारें उघडलीं, आणि कैदी पळाले असें समजून नायक आपला प्राण घ्यावयास निघाला. पौलानें त्याला वांचविलें. मग त्यानें तारणाचा मार्ग विचारला, आणि त्या दोघांनीं त्याला व त्याच्या घरच्या सर्वांस प्रभूचें वचन सांगितलें.

यानंतर घडलेल्या गोष्टींचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम नायकानें कैद्यांच्या जखमा धुतल्या. मग त्याचा व त्याच्या सर्व माणसांचा लागलाच बाप्तिस्मा झाला. मग त्यानें त्या दोघांस घरांत नेऊन त्यांच्यापुढें जेवण वाढलें, आणि देवावर विश्वास ठेविल्याबद्दल सारें घर हर्षभरित झालें.

ही बाप्तिस्म्याची मेजवानीच होय. मध्यरात्रीं बाजार उघडा नव्हता. तेव्हां शिंक्यावर जें असेल तेंच पानांत पडलें असेल. सोयऱ्यांस निरोप गेले नव्हते. पंगतीला पाहुणे दोनच, आणि त्या दोघांच्या पाठी सोललेल्या होत्या. शास्त्रानें त्या जेवणांतील एकाही पदार्थाचें नांव नोंदलेलें नाहीं, परंतु घरच्यांचा हर्ष मात्र नोंदिला आहे. ज्या हातानें संध्याकाळीं खोडे ठोकले त्याच हातानें रात्रीं जखमा धुतल्या व ताट वाढलें. त्या घराचा पालट पाहुण्यांस येथें दिसला. आपल्या घरच्या मेजवानीलाही हाच प्रश्न लावून पाहावा: हिच्यांत कोणाची जखम धुतली गेली काय? ज्याच्याशीं बांधावरून दोन वर्षें अबोला आहे तो भाऊ पंगतीस बसला काय? प्रभूनें तर सांगून ठेविलें आहे कीं परत बोलावूं शकणाऱ्या श्रीमंतांपेक्षां परतफेड करूं न शकणाऱ्या गरीब, लंगड्या व आंधळ्यांस जेवावयास बोलवावें.

४. गरिबाचें अर्पण

आतां दुसरें चित्र पाहूं. बाळ येशूला घेऊन योसेफ व मरीया यरुशलेमेच्या मंदिरांत आलीं. प्रसूतीनंतरच्या अर्पणासाठीं मोशेच्या नियमशास्त्रांत एक कोंकरूं व एक पक्षी सांगितला आहे. ज्या आईला कोंकराची ऐपत नसेल तिनें दोन पक्षी आणावे अशीही सोय तेथेंच केली आहे. मरीयेनें गरिबाचेंच अर्पण दिलें. ज्या लेंकराच्या जन्माची वार्ता देवदूतांनीं आणिली, त्याच्यासाठीं कोंकरूं तरी पाहिजेच असें म्हणून योसेफानें कोणा सावकाराचें दार ठोठावलें नाहीं. देवानें गरिबांसाठीं जी सोय ठेविली होती तिचा त्यांनीं लाज न बाळगतां उपयोग केला. आणि त्याच दिवशीं, त्याच मंदिरांत, शिमोनानें बाळाला हातांत घेऊन देवाची स्तुति केली. पक्षी पाहून तो परत फिरला नाहीं.

५. उचल घेऊन केलेला समारंभ

आतां आपल्या भागांतील एक घर डोळ्यांपुढें आणूं. त्याला नांव नको, कारण असें घर एकच नाहीं. पाथर्डी, शेवगांव, आष्टी, बीड या बाजूंकडील हजारों माणसें दसरा-दिवाळी झाली कीं ऊसतोडीस जातात, हें वाचकांस ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगामापूर्वीं त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल मिळते. श्रावणांत बाळ जन्मलें. निघण्यापूर्वीं बाप्तिस्मा करावा अशी आईची इच्छा. बाप म्हणतो, “गेल्या वर्षीं चुलतभावानें दोन बोकड कापले, आपण नुसता चहा पाजला तर लोक काय म्हणतील?” मग मंडप येतो, ध्वनिक्षेपक येतो, चौकांत बाळाच्या फोटोचा फलक लागतो, सोयऱ्यांस साड्या-टोप्या होतात. आईच्या माहेरावर बाळंतविड्याचा भार पडतो तो वेगळाच. खर्चाचें तोंड मिळवावयास उचल वाढवून घेतली जाते.

त्या दिवशीं सर्व जेवतात व नांव घेतात. पुढें कार्तिकांत काय होतें? पहांटेच्या काळोखांत तींच नवराबायको फडांत उभीं असतात. बाप तोडतो, आई वाढें साळते, मोळ्या बांधते व डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. बाळ फडाच्या कडेला झोळींत पडलेलें असतें. वाढलेली उचल फिटावयाची ती टनानें. हंगामांत फिटली नाहीं तर पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. ज्या बाळाच्या नांवानें पंगती उठल्या, त्याच बाळाच्या आईनें त्या पंगतींचा भार मोळ्यांनीं वाहिला. अंगावर पाजण्यासाठीं घडीभर बसावयाचा जो तिचा वेळ, तोच त्या जेवणावळीनें खाल्ला. बाळाला प्रभूच्या वचनांत वाढवूं असा शब्द देऊन आलेल्या आईबापांना बाळाजवळ बसावयास वेळ उरूं नये, इतका मोठा खर्च बाप्तिस्म्याचा असूं शकतो काय?

शेजारचें दुसरें घर कर्ज काढीत नाहीं, तें थांबतें. या वर्षीं पीक गेलें, पुढच्या वर्षीं दिराचें लग्न निघालें, त्यापुढें घर शाकारावयाचें आलें. बाळ चालूं लागलें, शाळेंत जाऊं लागलें, आणि बाप्तिस्मा राहूनच गेला. थोर ऑगस्टीनाचें असेंच झालें, जरी कारण निराळें होतें. तो ३५४ सालीं आफ्रिकेंतील तागास्ते गांवीं जन्मला. लहानपणीं पोटाच्या दुखण्यानें तो मरणाच्या दारीं पोहोंचला तेव्हां त्याच्या आईनें, मोनिकेनें, बाप्तिस्म्याची तयारी केली. पण मुलगा बरा झाला आणि बाप्तिस्मा पुढें ढकलला गेला. तो अखेर ३८७ सालीं मिलान नगरांत झाला. तेव्हां ऑगस्टीन ३२ वर्षांचा होता. पुढें आपल्या आत्मवृत्तांत त्यानें देवालाच विचारिलें कीं तेव्हां मला असें थांबविलें तें माझ्या हितासाठीं होतें काय. आपल्या मुलांनीं उद्यां हाच प्रश्न आपणांस विचारिला, तर “बोकडाचे पैसे नव्हते” हें उत्तर आपण कोणत्या तोंडानें देणार?

६. मूल बाप्तिस्म्यापूर्वीं वारलें तर?

हा प्रश्न आया हळू आवाजांत विचारितात, म्हणून आम्ही तो येथें उघड घेतों. समारंभासाठीं थांबलेल्या घरांतील तान्हें एखाद्या रात्रीं तापानें दगावतें, आणि दुःखांत बुडालेली आई, किंवा तिच्याहून अधिक तिची सासू, विचारते, “पाणी पडलें नव्हतें, तर आमचें बाळ देवाजवळ गेलें कीं नाहीं?”

अशा आईला आम्ही असें सांगतों: बाई, पाणी ही खूण आहे, कृपा ही देवाची आहे, आणि देव आपल्या खुणेला बांधलेला नाहीं. प्रभूनें ज्या लेंकरांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला, त्यांचा बाप्तिस्मा झाला आहे काय असें त्यानें विचारिलें नाहीं. त्यांस अडविणाऱ्या शिष्यांवर मात्र तो रागावला. वधस्तंभावरील पश्चात्तापी चोराला बाप्तिस्म्याची संधि मिळाली नाहीं, तरी प्रभूनें त्याला आपल्याबरोबर नेलें. दाविदाचें तान्हें मूल वारलें तेव्हां, तें माझ्याकडे परत येणार नाहीं तरी मी त्याच्याकडे जाईन, या आशेनें तो उठला व त्यानें अन्न घेतलें. सतराव्या शतकांतील वेस्टमिन्स्टर येथील विश्वासांगिकारांतही, बाप्तिस्म्याची हेळसांड करणें हें मोठें पाप असलें तरी त्यावांचून कोणाचें तारण होऊंच शकत नाहीं असें नव्हे, अशी शिकवण दिलेली आहे. तुझें लेंकरूं प्रभूच्या हातांत आहे. तूं रड, पण भिऊं नको.

हें समजलें म्हणजे दुसराही एक गैरसमज दूर होतो. कित्येक घरांत बाप्तिस्मा हा ताइताप्रमाणें मानला जातो. पांचवीच्या रात्रीं सटवाईची पूजा करावयाची, मनगटाला काळा दोरा बांधावयाचा, आणि वर बाप्तिस्म्याचें पाणीही असूं द्यावयाचें, म्हणजे तिहींकडून बाळाचें रक्षण होईल, असा जुन्या बायांचा हिशेब असतो. त्यांचा जीव बाळांत गुंतलेला असतो म्हणून त्या असें करितात. त्यांस हिडीसफिडीस करूं नये. त्यांस प्रेमानें सांगावें कीं बाळाच्या कपाळीं काय लिहिलें जाईल या भयांतून सोडविण्यासाठींच प्रभु आला. बाप्तिस्मा झालेलें मूलही आजारी पडतें. त्याला ताप आला तर दवाखान्यांत न्यावें, आणि आशाताई लस टोंचावयास बोलावील तेव्हां तिचें ऐकावें. बाप्तिस्मा आजार टाळीत नाहीं. आजारांतही हें लेंकरूं कोणाचें आहे तें तो सांगतो.

७. दिलेला शब्द घरीं कसा पाळावा?

पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें झाला. मनोरमा तेव्हां दोन वर्षांहून थोडी मोठी होती. तिचे वडील १८८२ सालींच वारले होते. आई परक्या देशांत, विधवा, आणि शिकावयास आलेली. त्या लेंकरासाठीं जी कबुली दिली गेली ती पाळावयाचा मुख्य भार एकट्या रमाबाईंवर पडला. ती त्यांनीं कशी पाळली हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. मनोरमेनें आईची श्रद्धा दुरून पाहिली नाहीं. अनाथ व टाकलेल्या स्त्रियांमध्यें आई राबत असतां ती त्याच कामांत वाढली, आणि पुढें केडगांवच्या मुक्ति मिशनांत आईचा उजवा हात झाली. १९२१ सालीं ती वारली, आणि दुसऱ्याच वर्षीं, १९२२ सालीं, रमाबाई प्रभूकडे गेल्या.

मुलें अशीच शिकतात. तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायीं होता, असें पौल लिहितो. मोशेनें इस्राएलाला सांगितलें कीं देवाचें वचन मुलांस घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां शिकवावें. यासाठीं पैसा लागत नाहीं, नियम लागतो. म्हणून आम्ही आईबापांस पुढील गोष्टी सुचवितों.

पहिली: घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर बाळाचें नांव, जन्माची तारीख व बाप्तिस्म्याची तारीख लिहावी. दर वर्षीं त्या तारखेस मुलाला जवळ घेऊन त्या दिवशीं काय झालें तें सांगावें. दुसरी: मूल बोलूं लागण्याची वाट न पाहतां, त्याला मांडीवर घेऊन रोज रात्रीं मोठ्यानें प्रार्थना करावी. कोपींत असाल तर कोपींत करावी. देवाला चुना दिलेल्या भिंती लागत नाहींत. तिसरी: बापानें हें काम आईवर टाकूं नये. शब्द दोघांनीं दिला आहे. दारू पिऊन घरीं येणारा बाप जी शिकवण देतो ती हजार उपदेशांनीं पुसली जात नाहीं.

मंडळीच्या वचनाचें काय? आईबाप ऊसतोडीस जातात तेव्हां शाळेच्या वयाचें मूल गांवीं ठेवावयाचें तर कोणाकडे, हा त्या घरापुढचा मोठा प्रश्न असतो. ज्या मंडळीनें उभें राहून हें लेंकरूं आमचें म्हटलें, तिच्यांतील एकाद्या घरानें त्याला चार महिने भाकरी व अंथरूण देऊन शाळेंत धाडावें. मग ती कबुली खरी झाली असें आम्ही समजूं. वडीलमंडळींनीं बाप्तिस्मा झालेल्या मुलांची यादी वर्षांतून एकदां वाचून, कोणतें मूल कोठें आहे, याची विचारपूस करावी.

येथें एक व्यवहाराची सूचना. मंडळीच्या वहींतील बाप्तिस्म्याची नोंद ही सरकारी जन्मनोंद नव्हे. १९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत द्यावयाची असते. बाळ घरीं जन्मलें असेल तर घरच्यांनीं ती ग्रामपंचायतींत द्यावी. दवाखान्यांत जन्मलें असेल तर नोंद गेली कीं नाहीं तें विचारून घ्यावें. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळें, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशासारख्या कामीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. मंडळीच्या दाखल्यावर विसंबून राहूं नये.

८. मेजवानी कशी असावी?

आम्ही पंगत मोडावयास सांगत नाहीं; ती सर्वांची करावयास सांगतों. एका मंडळींत वर्षांत पांचसहा बाळें जन्मतात. त्यांचा बाप्तिस्मा वर्षांतून दोन ठरलेल्या रविवारीं व्हावा. एक ऊसतोडीस निघण्यापूर्वीं, दुसरा परत आल्यावर. कोणास त्याआधीं करावयाचा असेल तर पाळकानें नाहीं म्हणूं नये. त्या दिवशीं उपासनेनंतर मंडळीनेंच जेवण करावें. कोणीं भाकरी आणाव्या, कोणीं डाळ, कोणीं गूळ. ज्याची ऐपत असेल त्यानें अधिक आणावें, परंतु कोणीं काय आणिलें तें वाचून दाखवूं नये. सर्व बाळांच्या आया एकाच रांगेंत बसाव्या. आहेर घेऊं नये व देऊं नये, असा ठराव वडीलमंडळींनीं करावा. म्हणजे गरिबाला नाहीं म्हणण्याची लाज वाटणार नाहीं, कारण मंडळीनेंच त्याच्या वतीनें नाहीं म्हटलेलें असेल. ज्यास देवानें पुष्कळ दिलें आहे आणि ज्याचा हात आनंदानें सैल सुटतो, त्यानें तो खर्च मंडळींतील एखाद्या मुलाच्या शाळेच्या फीकडे वळवावा.

असा ठराव एकट्या घरास करणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. भावकींत नांव जाण्याचें भय लहान नसतें. म्हणूनच तो बोजा एका घरावर न टाकतां मंडळीनें उचलावा. ज्यांस थोडें अधिक आहे त्यांनीं पहिलें पाऊल टाकावें. सधन घरानें आपल्या नातवाचा बाप्तिस्मा डाळभाकरीवर केला, म्हणजे ऊसतोडीच्या घराला तोच मार्ग मानानें मोकळा होतो.

प्रिय आईबापांनो, तुमचें बाळ तुमच्या मांडीवर आहे, देवाचें अभिवचन तयार आहे, आणि पाणी तुमच्या विहिरीचेंच पुरे आहे. येत्या रविवारीं या. ज्या घराला अडचण असेल त्यानें पाळकाजवळ किंवा वडिलांजवळ ती मोकळेपणानें सांगावी. आपल्या प्रत्येक लेंकरावर आपल्या पित्याची कृपादृष्टि राहो, आणि दिलेला शब्द पाळण्याची शक्ति तो आपणां सर्वांस देवो.

विचारासाठीं प्रश्न

१. बाप्तिस्म्याच्या विधींत देव, आईबाप व मंडळी यांचें काम कोणकोणतें?

२. फिलिप्पै येथील नायकाच्या घरच्या जेवणांत व आपल्याकडील बाप्तिस्म्याच्या जेवणांत कोणता फरक दिसतो?

३. मरीयेनें दोन पक्षी अर्पण केले, यावरून ऐपतीविषयीं आपण काय शिकतों?

४. आपल्या मंडळींत पैशाच्या अभावीं कोणा बाळाचा बाप्तिस्मा राहिला आहे काय? या आठवड्यांत त्या घरीं कोण जाईल?

५. गेल्या तीन वर्षांत ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांपैकीं किती मुलांचीं नांवें आपणांस आठवतात?